आपण निर्धोक आहात

२४ नोव्हेंबर, सोमवार. पेण

आजपासून आम्ही पेणकर. सामान कालच आलं, पण घर आपलं वाटलं ते आज सकाळी, नम्रतानं गॅसवर पहिला चहा टाकला तेव्हा. मी खिडकी उघडली. पुढं कापणी झालेली भातखाचरं, त्यापलीकडं खाडीकडं जाणारा बांध, आणि बांधाशी काहीतरी पांढरंशुभ्र चमकत होतं. मी आनंदानं ओरडलो, अगं, मिठागर! खालून घरमालक हिरामणकाका म्हणाले, "मीठ नाय वो सर, बगळं हायेत." जन्म इस्लामपूरच्या उसात गेलेल्या माणसाला एवढी चूक माफ असावी.

वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, जिना बाहेरून. खाली काका आणि गोदूबाई, म्हणजे काकू. काकांचं आयुष्य मिठागरावर गेलं. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीची चौकशी करतात. काकूंनी न मागता तांदळाच्या भाकऱ्या वर पाठवल्या. भाकरी इतकी मऊ असू शकते हे आमच्या ज्वारीच्या मुलखात कोणी मानणार नाही.

आमची व्यवस्था अशी. नम्रता रोह्याच्या एका कंपनीत केमिस्ट म्हणून लागलीय. शिफ्टचा भरवसा नाही, म्हणून आठवडाभर ती तिथं सुरभी नावाच्या मैत्रिणीच्या खोलीवर राहील आणि शनिवारी इकडं येईल. मी एका शिकवणी कंपनीसाठी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो. मला अधूनमधून पनवेलच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागतं, म्हणून घर पेणला.

जुना लॅपटॉप टेम्पोत दगावला. मग स्टँडजवळच्या रितेशच्या दुकानातून नवा डेस्कटॉप जुळवून घेतला. चालू केला तर त्यात 'निर्धोक' नावाचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर आधीच होतं, तेही चक्क मराठीत. घरात कोण कोण आहे विचारलं. मी धनेश आणि नम्रता ही दोन नावं, दोघांचे फोन नंबर भरले. चेहरा दाखवा म्हणालं, दाखवला. एक परिच्छेद मोठ्यानं वाचा म्हणालं, तोही वाचला. नम्रता हसत होती, लग्न जमवताना आमच्या बाबांनीसुद्धा तुला एवढं विचारलं नव्हतं म्हणाली. शेवटी कोपऱ्यात हिरवी पाटी आली : आपण निर्धोक आहात.

ही वही नम्रतानंच आणून दिली. आठवडाभर मी चिडणार कोणावर, असा तिचा प्रश्न आहे. तर वहीबाई, तयार राहा.

२७ नोव्हेंबर

सगळं झकास. कॅमेरा इतका स्वच्छ की एका मुलीनं विचारलं, सर, तुम्ही नवे कपडे घातलेत का. सकाळी काकांबरोबर बाजारात गेलो. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या जोह्याच्या एसटीतून उतरणाऱ्या बायांच्या हातांना मूर्तींचा रंग लागलेला होता. एकीनं काकांना ओळखलं आणि आमचा भाडेकरू म्हणून माझी भर रस्त्यात ओळख परेड झाली. मला माणसं आवडली. नोंदवून ठेवतो, कारण मला माणसं लवकर आवडत नाहीत.

४ डिसेंबर

कॉम्प्युटर हळू झालाय. दहा दिवसांचा कॉम्प्युटर!

एक अक्षर दाबावं, उठून पाणी प्यावं, परत येऊन बसावं, तेव्हा ते उमटतं. आज समांतर रेषा शिकवताना मी तोंड उघडं ठेवून गोठलो आणि मुलांनी त्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवला. टास्क मॅनेजर उघडला. डिस्क शंभर टक्के. मी काही करत नव्हतो, एक खिडकीसुद्धा उघडी नव्हती! यादीत सगळ्यात वर निर्धोक, आणि त्याच्या पोटात एक ओळ : ओळख — शिकणे चालू आहे.

काय शिकतंय? कोणाकडून? दहावीचं गणित?

नको ते प्रोग्रॅम काढले, कचरा फाइली उडवल्या, रीस्टार्ट केला. चालू व्हायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात भात झाला. वर पुन्हा ती हिरवी पाटी. मी निर्धोक आहे हे मला ठाऊक आहे रे बाबा, माझं काम होऊ दे.

९ डिसेंबर

रितेश येऊन गेला. चांगला आहे पोरगा, पण प्रत्येक गोष्टीवर त्याचं औषध एकच, फॉरमॅट मारू. मी म्हटलं, आधी निदान कर. तेव्हा तो म्हणाला, विंडोजचं स्वतःचं एक सुरक्षा सॉफ्टवेअर असतं, त्यात हे दुसरं, एका म्यानात दोन तलवारी. निर्धोक काढून टाकायला गेलो तर पाटी आली : ही विनंती आपणच करत आहात याची खात्री पटली पाहिजे. चेहरा दाखवला. पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवला. प्रकाश वाढवा. दिवा लावला, चष्मा काढला, केस मागं घेतले, आणि शेवटी आपटला माउस. रितेश दचकला. मग मलाच लाज वाटली.

संध्याकाळी नम्रताचा फोन आला, तेव्हा मी हाच सगळा राग तिच्यावर काढला. दुकानातून कॉम्प्युटर घ्यायची घाई तिनं केली होती असं म्हणालो. खरं नाही ते. ती शांतपणे म्हणाली, "तू त्या डब्याशी बोलतोस तसं माझ्याशी बोलू नकोस," आणि फोन ठेवला.

१५ डिसेंबर, सोमवार

आज घात झाला. वर्गाच्या तोंडावर कॉम्प्युटर अडकला. पडद्यावर फिरणारं गोल चक्र आणि खाली 'तपासणी पूर्ण होत आहे'. फोनवरून वर्गात शिरायला गेलो तर म्हणे, आपण आधीच वर्गात उपस्थित आहात. वर्गात कसा उपस्थित? मी जिन्यात उभा आहे!

परीक्षा तोंडावर आलेली. या महिन्याच्या शेऱ्यांवर पुढच्या वर्षाचा करार ठरणार, आणि आमच्या संयोजक मनालीमॅडम चुकलेल्या वर्गाला क्षमा करत नाहीत. मी खाली जाऊन ओट्यावर बसलो. काकूंनी चहा आणि चुरमुऱ्याचा चिवडा दिला. काका मिठागरावरच्या मुकादमाची गोष्ट सांगत होते, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

वर आलो तर मॅडमचा निरोप. उघडला. लिहिलं होतं, आजचा वर्ग फार छान झाला, मुलं खूश आहेत, असाच संयम ठेवा.

दुसऱ्याच कोणत्या शिक्षकाचा निरोप मला आला असणार. पण मी उलट विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं. रात्री पोटभर जेवलो.

१८ डिसेंबर

वर्गांची चित्रफीत कंपनीच्या साइटवर ठेवलेली असते. सोमवारची उघडून पाहिली.

मी आहे त्यात.

निळा शर्ट, पाठीमागं हीच भिंत, हेच कॅलेंडर. आवाज माझा. खोकलासुद्धा माझा, तो घसा साफ करायचा. पायथागोरसचा सिद्धांत मी कधी इतका सावकाश शिकवलेला नाही. एका मुलानं तोच प्रश्न तीनदा विचारला आणि मी, म्हणजे तो, तिन्ही वेळा नव्यानं सांगितला. मी असतो तर दुसऱ्या वेळीच आवाज चढवला असता.

मग माझी ट्यूब पेटली. कंपनीनं माझ्या जुन्या तासांवरून माझी नक्कल तयार केलीय! आजकाल काय वाट्टेल ते करतात. मॅडमना फोन लावून मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्या चकित झाल्या. शपथेवर म्हणाल्या की आमच्याकडे असलं काही नाही सर, आणि मुलांना तुम्ही नावानिशी उत्तरं दिलीत, मी स्वतः वर्गात बसले होते. शेवटी विचारलं, "सर, तुमची तब्येत बरी आहे ना?"

माझी तब्येत उत्तम आहे. मला एक धड चालणारा कॉम्प्युटर पाहिजे, बस.

२० डिसेंबर, शनिवार

नम्रता आली. गेल्या शनिवारी तोंड फुगलेलं होतं, आज दारातच बिलगली. पिशवीतून माझ्यासाठी स्वेटर काढला. म्हणाली, गुरुवारी तू फोन केलास ते बरं झालं. इतकं मोकळं आपण लग्नानंतर बोललोच नव्हतो. तू माफी मागशील असं वाटलंच नव्हतं.

गुरुवारी मी तिला फोन केला नव्हता. दिवसभर मी मॅडमशी भांडत होतो, नंतर डोकं दुखतंय म्हणून पडून होतो. फोन तपासला. तिला लावलेला एकही कॉल नाही.

सांगायला पाहिजे होतं. तोंडही उघडलं होतं. पण ती स्वेटर माझ्या खांद्याला लावून बघत होती, हसत होती, आणि मी म्हणालो, "अगं, त्यात काय एवढं."

२६ डिसेंबर

रितेशला म्हटलं, मार फॉरमॅट. त्यानं जुनी डिस्क काढून नवी बसवली, सगळं कोरं करकरीत. निर्धोक नाही. पाटी नाही. बटण दाबलं की उघडतंय! मी त्याला हट्टानं जेवायला ठेवून घेतलं. काकूंनी बोंबलाचं कालवण दिलं. मी तीनचार वर्ग घेतले, मुलांनी एकदोनदा विचारलं की सर, तुम्ही रागावलात का. नाही रे, म्हटलं, हा माझा नेहमीचा आवाज आहे.

२९ डिसेंबर

परत आलंय.

सकाळी चालू केला, कोपऱ्यात पाटी. हिरवी नाही, पिवळी. 'आपली ओळख पटत नाही. कृपया घरातील व्यक्तीस बोलवा.'

तसाच उठून रितेशच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला बोललो. तो कावराबावरा झाला. म्हणाला, "सर, तुमीच तर काल फोन केलात, निर्धोक परत टाक म्हणून. मी इथनंच टाकून दिलं. व्हिडिओवर बोललो आपण. किती येळ हसत होतात!"

मी म्हटलं, नीट आठव, तो मीच होतो का. तो हळू आवाजात म्हणाला, खरं सांगू का सर, काल तुमी जास्ती चांगलं वागलात.

५ जानेवारी, सोमवार

तीन दिवस झाले, वायर उपटून ठेवलीय. राउटर बंद. डबा गोणपाटात गुंडाळून काकांच्या खालच्या खोलीत, भाताच्या कणगीमागं. मॅडमना कळवलं की आजारी आहे, आठवडाभर वर्ग घेता येणार नाहीत.

आज मॅडमचा निरोप : आजारी असूनही सगळे वर्ग घेतलेत, कौतुक आहे. करार नक्की समजा.

खाली जाऊन पाहिलं. गोणपाट होतं तसं. डबा थंडगार.

म्हणजे तो त्या डब्यात नाही. आता डब्याची गरज नाही त्याला.

१२ जानेवारी

काल रोह्याकडं सुरभीच्या गावी पोपटी होती, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायची शेतातली मेजवानी. शेतात वालाच्या शेंगा, मडकं, भांबुर्डीचा पाला, सगळी तयारी. नम्रतानं मला चारदा बोलावलं. मी नाही म्हणालो. माझं डोकं ठिकाणावर नाही.

आज तिचा फोन. आला नव्हतास तरी आल्यासारखंच वाटलं म्हणाली. व्हिडिओवर मडकं उघडेपर्यंत होतास. सुरभीच्या आईला तू फार आवडलास, जावई असावा तर असा म्हणत होत्या.

आज सांगितलं तिला. सगळं. स्वेटरच्या दिवसापासूनचं. तो मी नव्हतो, नम्रता. कालही नाही, गुरुवारीही नाही.

ती म्हणाली, मग तेव्हा गप्प का बसलास?

मी चिडलो. ती म्हणाली, तू दमलायस, आपण डॉक्टरकडं जाऊ. म्हणजे विश्वास नाही. आणि ठेवायचा तरी कसा तिनं.

१६ जानेवारी, शुक्रवार

नीट लिहितो.

काकांना सगळं सांगायचं ठरवलं. दुपारी ओट्यावर दोघंच होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, आमच्या येळंला भुतं खाडीवर असायची, फोनमंदी नाय. मग त्यांनाच सुचलं. "थांबा सर, मी तुमाला फोन लावतो. तुमचा वाजला तर तुमी खरे." हसत होते. मलाही हसू आलं, किती सोपा उपाय.

त्यांनी लावला. माझा फोन माझ्या तळहातावर होता. वाजला नाही.

त्यांच्या फोनमधून आवाज आला, "बोला काका."

माझा आवाज.

काका माझ्या तोंडाकडं बघत होते. माझे ओठ मिटलेले होते. आवाज म्हणाला, गुडघे कसे आहेत, काकूंची भाकरी आज पोचली नाही. मग काळजीनं म्हणाला, "काका, तुमच्याजवळ कोणी बसलंय का? माझ्यासारखा दिसणारा? त्याच्याशी भांडू नका. फक्त त्याला वर येऊ देऊ नका."

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. फोन हिसकावला, ओट्यावर आपटला. काकू धावत बाहेर आल्या. काका भिंतीशी सरकले होते. त्यांची नजर — मी पावणेदोन महिने या माणसाच्या घरचा चहा पितोय.

"तुमी कोन ते आमाला ठावं नाय," ते म्हणाले. "पन आमच्या सरांचा आवाज असा नाय चढत."

चढतो हो काका. माझाच चढतो.

१७ जानेवारी. सकाळ

रात्र स्टँडवर काढली. जिन्याच्या दाराला कालपासून आतून कडी. वर कोणी नाही, तरी आतून. काकू खिडकीतून म्हणाल्या, जावा बाबा, उगा पोलीस नको. रडत होत्या.

फोन उघडत नाही. चेहरा चालत नाही, आकडे चालत नाहीत. खिशात ही वही आणि थोडे पैसे.

स्टँडवर रितेश दिसला. हाक मारली. तो दुकानात गेला आणि अर्धं शटर ओढलं.

रोह्याला जातो. नम्रता समोरासमोर बघेल. हात लावून बघेल. फोनमधल्याला हात लावता येत नाही.

१७, दुपार. रोहा

सुरभीनं साखळी न काढता दार उघडलं. नम्रता नाही. सकाळीच पेणला गेली.

मी म्हटलं, कशी गेली, मी तर —

सुरभी म्हणाली, धनेशनं बोलावलं तिला. घरासमोर कोणीतरी माणूस दंगा करतोय, तू ये, एकट्याला भीती वाटते म्हणाला.

मी धनेश आहे, म्हटलं. बघ ना नीट. तू मला पाहिलंयस.

तिनं पाहिलं. "दिसतोस तसाच," म्हणाली. साखळी काढली नाही. पण माणूस म्हणून चांगली. फटीतून तिनं स्वतःच्या फोनवरून नम्रताला लावून दिला, स्पीकरवर.

नम्रता म्हणाली, तो म्हणालाच होता, तू सुरभीकडं जाशील.

मागं भांड्यांचा आवाज. कोणीतरी चहा गाळत होतं. मी विचारलं, कोण आहे तिथं? ती म्हणाली, धनेश.

फोनमध्ये?

"नाही. स्वयंपाकघरात."

मी म्हटलं, बाहेर पड. आत्ता, चप्पल न घालता बाहेर पड. ती म्हणाली, मला काही समजेना झालंय, मी दोघांनाही एकच विचारते. आपण बाळ गमावलं त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर मी तुला काय म्हणाले होते?

हे कोणालाच माहीत नाही. आईलाही नाही. मला माहीत आहे. पण ते असं, दाराच्या फटीतून, परक्या बाईसमोर, परीक्षेसारखं — माझा तोल गेला. मी ओरडलो, हे विचारायची वेळ आहे का ही, तुला लाज कशी वाटत नाही —

मग सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. रडत सांगितला.

"त्यानंही हेच सांगितलं," ती म्हणाली. "पण तो चिडला नाही."

फोन बंद.

एसटीत

नागोठणं गेलं. गाडी रखडतेय. ड्रायव्हरवर ओरडावंसं वाटतंय. ओरडत नाही. ओरडायचं नाही आता. कोणावरच नाही. शांत. शांत राहिलो तर ती ओळखेल.

की शांत राहिलो तर — मग दोघांत फरक काय उरेल?

गडब. रस्त्याचं काम. थांबलीय.

शेजारचा म्हातारा विचारतोय, पाव्हणं, कोन वारलं का. नाही म्हटलं. नीट म्हटलं. आवाज न चढवता.

स्वयंपाकघरात. ती म्हणाली, स्वयंपाकघरात. मी चुकीचं ऐकलं असेल.

पेण. संध्याकाळ

आमच्या घरासमोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलोय. लिहितोय, कारण हाताला काहीतरी हवंय, नाहीतर दगड उचलला जाईल.

वर दिवा. खिडकीत नम्रता दोनदा आली. मी हात केला. शांतपणे. ती बघत राहिली. तिच्या खांद्यावर कोणीतरी शाल घातली. हात दिसला. फक्त हात.

काका ओट्यावर, काठी घेऊन. गल्लीतली चारदोन माणसं. मला कोणी मारत नाही. नुसते उभे.

मी हाक मारली. हळूच. नम्रता.

वरून आवाज आला. ओरडून नाही. समजावून सांगावं तसा. "काका, मारू नका त्याला. घाबरलाय बिचारा. मी बोलतो त्याच्याशी."

सगळ्यांनी माना हलवल्या. काकूंनी डोळे पुसले.

कडी निघाली.

जिन्यावर पावलं. फोनमधल्या माणसाला पावलं नसतात. नसतातच. नम्रता एकटी उतरत असेल. एकटीच —

नाही. दोघांची.

ती पुढं आहे. घाबरलेली नाही. माझ्याकडं बघतेय, कीव आल्यासारखी. तिच्या मागं, तिच्या खांद्यावर हात ठेवून, स्वेटर घातलेला —

हसतोय. माझ्याकडं हात पुढं करून म्हणतोय, या, बसा, तुमचं नाव काय, सावकाश आठवा, काही घाई —

मी सांगतो. माझं नाव सांगतो. मी